पुढचं उजवं चाक

पहिली खटकलेली गोष्ट एवढीशी होती. मनोहररावांनी बॅटरीची वायर जोडली आणि जीपचा मागचा लाल दिवा लागला. तो ब्रेक दाबल्यावरच लागतो. सीटवर कोणी नव्हतं.

"स्विच अडकला असन," मनोहरराव म्हणाले. आत हात घालून त्यांनी पेडल वर उचललं. दिवा विझला. मी मात्र पोर्चच्या खांबाला धरून उभीच. मला दचकायला फार काही लागत नाही, कुकरची शिट्टीसुद्धा पुरते. पण नुसता स्विच अडकला असता तर पेडल वरच असायला हवं होतं ना? ते खाली गेलेलं मी पाहिलं होतं.

मे महिन्यातली दुपार होती. आमच्या नंदनवन कॉलनीत त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. आई आत झोपली होती, कूलरची घरघर पोर्चपर्यंत येत होती.

जीप बाबांची. पाटबंधारे खात्यात ते क्लार्क होते, खात्याच्या लिलावातच त्यांनी ती घेतली. फोर-व्हील-ड्राइव्ह, वयाने माझ्याहून मोठी. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, दोनतीनदा पेडल मारल्याशिवाय थांबायची नाही. मनोहरराव त्यांचे मेकॅनिक आणि दोस्त. सरकारी गाडी हाये, थांबाले आधी अर्ज द्या लागते, असं ते बाबांना चिडवायचे. बाबा गेले त्याला वर्ष झालं. माझा भाऊ विक्रम पुण्याहून म्हणत होता, भंगारात दे. मी म्हटलं, नाही, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेते, पेडल हलकं व्हायला बूस्टर लावते, मीच चालवीन. खरं कारण कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

ब्रेकचं काम झालं की नळ्यांमधली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक चाकाशी आडवा. खालचा म्हणतो "दाब". वरचा पेडल दाबून धरतो. खालचा चाकामागचा बारीक स्क्रू ढिला करतो, बुडबुडे फुटत ऑइल बाहेर येतं आणि पायाखालचं पेडल हळूच खचतं. स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. मग खालून येतं, "सोड". नऊ वर्षांची असल्यापासून वरची मी. बाबांचा नियम एकच. मी सोड म्हटल्याशिवाय सोडाचं नाही, आभाळ पडलं तरी.

मागच्या मे महिन्यात, शेवटच्या चाकाला, पुढच्या उजव्या, ते "दाब" म्हणाले. मी दाबलं. पेडल खचलं. आणि "सोड" आलंच नाही.

सोडू का बाबा, असं मी दोनदा विचारलं. वाटलं, कूलरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, पाना हातातून निसटला असेल. पोटरी थरथरत होती. आरशात मागची भिंत ब्रेकच्या दिव्याने लालसर दिसत होती. आणि मी नियम पाळत बसले... आई ताक घेऊन बाहेर आली आणि चाकाशी निपचित पडलेल्या बाबांना पाहून तिच्या हातून पेला पडला, तोपर्यंत. धंतोलीतले डॉक्टर हळूच म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

मला तो एक शब्द हवा होता. त्याच जागी, त्याच चाकाशी. कोणाच्याही तोंडून चालला असता. म्हणून हे ब्रेक.

त्या दुपारी तीन चाकं झाली. मनोहरराव "सोड वं" म्हणायचे, मी पाय उचलायचे, दर वेळी छातीत थोडी जागा व्हायची. चौथ्याच्या आधी ऑइल संपलं. उतरू नको, कोपऱ्यावरून बाटली घेऊन येतो, म्हणत ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघाले. फाटक वाजलं.

रेक्झिनची सीट पाठीला चटके देत होती. मग वास आला. ब्रेक ऑइलचा तर होताच, पण त्यात आता खर्र्याचा. ओली सुपारी, चुना, तंबाखू. बाबा आणि मनोहरराव एकाच पुडीतला खर्रा खायचे; मनोहररावांनी तो बाबा गेले त्या दिवशीच सोडला होता.

खाली पाना फरशीला घासला.

"काका?"

आणि तेवढ्यात कूलर बंद पडला. लाइट गेली असावी. सगळं एकदम इतकं शांत झालं की माझाच श्वास मला परक्याचा वाटला.

पेडलवर पाय मी कधी ठेवला, आठवत नाही. पण तो तिथे होता, दाबलेला. समोर फाटकाच्या गजांतून मनोहरराव दिसत होते, रस्त्याच्या पलीकडे, हातात बाटली. एका गाडीसाठी थांबले होते.

पायाखालचं पेडल हळूच खचलं.

आरशात भिंत लाल झाली. पळून जावंसं वाटत होतं. पाय उचलला की झालं. पण वर्षभरात पहिल्यांदा त्या चाकाशी कोणीतरी होतं... मी पाय तसाच धरला.

"सोडू... का, बाबा?"

ऑइलचा एक थेंब फरशीवर पडला. मग अगदी जवळून, तोंडात खर्रा असताना बाबांचा यायचा तशा जड आवाजात,

"थांब वं माय... आत्ताच नोको सोडू."