स्कारवेच्या खडकांची नावं

स्कारवे बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या खडकांची नावं टिपायला मी १९५८च्या मे महिन्यात गेले. आमच्या नकाशा-कचेरीच्या जुन्या नकाशावर तिथे नुसते ठिपके होते. तिथलं गाव उठून पन्नास वर्षं झाली होती. नावं ठाऊक असलेली एकच बाई उरली होती, एफी मॅकास्किल. ती दक्षिण टोकाला टॉर्किल नावाच्या भाच्याकडे राहायची.

दुपारचे दोन वाजले होते. स्वयंपाकघरात पीटचा, म्हणजे जाळायला वाळवलेल्या दलदलीतल्या मातीचा धूर, ओटच्या भाकऱ्यांचा वास. मी टेप सुरू केली. एफीनं डोळे मिटले आणि किनाऱ्यानं चालत गेल्यासारखं एकेक नाव घेतलं.

"...मग सीलची पायरी. तिथे होडी लावायची."

उच्चार तपासायला मी टेप मागे घेऊन लावली. "सीलची पायरी," एफी म्हणाली. लगेच दुसरा, तरुण आवाज आला. "नाही गं एफे. ती पलीकडची. हिच्यावर होड्या फुटतात."

टॉर्किल चुलीत पीट सारता सारता थांबला. "आत्या, कोण बोललं?"

"कर्स्टी. बरोबर आहे तिचं. मला मेलीला कधी धड लक्षात राहिलं नाही."

"कर्स्टी कोण?" मी विचारलं.

"माझी थोरली बहीण. मी नऊ वर्षांची असताना त्याच खडकावर शिंपल्या काढायला गेली, ती गेलीच. दुरुस्त करून लिही पोरी. उद्या कुणी तुझा नकाशा बघून होडी घालेल."

मी दुरुस्त केलं. टेपवर आधीचं काहीतरी राहिलं असेल, असं स्वतःला सांगितलं. ती टेप मी सकाळीच वेष्टनातून काढली होती.

दुसरी टेप लावून एफीकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. या वेळी एफी चुकली नाही. "यापुढे पाणी. संपलं," ती म्हणाली. टेप बंद करायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. आम्ही तिघं गप्प चहा प्यालो.

ती टेप मी इन्व्हरनेसला, कचेरीत ऐकली. "संपलं"नंतर कपबशा वाजल्या.

मग कर्स्टीनं पुढची नावं सुरू केली. ओहोटीलाही उघड्या न पडणाऱ्या कपारी. तळावरची कुरणं. एक लांब, काळोखी घळ. माझी पेन्सिल पोचेल अशा बेतानं ती सांगत होती.

मी लिहीत गेले.

सतरा नावं झाली.

"आणि ही एफीची जागा," ती म्हणाली.

मी त्या दुपारी एफीच्या समोरच बसले होते. चहा पिताना तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

टेपवर एफीचा आवाज आला, अगदी जवळून.

"बरं. येते."