दाभण परत आलं

दाखव बघू तो फोन इकडे. हं... चांगली आहे की गाडी. चाकांवरचं घरच. आणि हे छत वर उचलतं, होय ना? बाजूंनी कॅनव्हास, आत गादी, दोघांची झोपायची सोय. म्हणजे तुम्ही तिघं भावंडं ही भाड्याने घेऊन चार दिवस भटकणार आणि वर कोण झोपणार यावरून पहिल्याच रात्री जुंपणार.

जा की. मी कशाला नको म्हणू?

नाही गं, भीती नाही घालत. आणि तू दात काढू नकोस, तुझ्या आईला विचार, तिचा भाऊ थापा मारतो का ते. बरं, ऐकायचंच असेल तर नीट बसा. मधेच उठून पाणी प्यायला जाणार असाल तर आत्ताच जाऊन या.

हे माझ्या बाबतीत नाही घडलं. आमच्या मास्तरांच्या बाबतीत घडलं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणारे. ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, गाड्यांच्या सीटा, जे जाडजूड असेल ते सगळं. गावाबाहेरच्या रस्त्याला पत्र्याची शेड आहे त्यांची. मी तिथे रोज संध्याकाळी जाऊन बसतो, चाळीस वर्षं झाली. हा माणूस कापडाशी बोलतो, माणसांशी कमी. थाप मारायला लागणारी कल्पनाशक्तीच नाही त्यांच्याकडे.

गेल्या वर्षी नोव्हेंबर महिना. अकरा तारीख, मंगळवार.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक बाई अशीच गाडी घेऊन आल्या. तिशीच्या असतील. एकट्याच. छत उचलून दाखवलं. मागच्या बाजूला कॅनव्हास फाटला होता, दीड वीतभर.

"फांदी लागली," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आठला गाडी नेणारे येणार आहेत. विकलीय मी. त्यांची लहान मुलं आहेत, वर झोपतील. फाटकं कसं देऊ? आज रात्रीत शिवून द्याल का?"

मास्तरांनी बोट फिरवून बघितलं. फांदीने फाटलं तर ओरखडा आडवा लांबत जातो. हे तसं नव्हतं. वर चार बारीक चिरा, जवळजवळ. खाली येऊन एक झालेल्या. आणि सगळे धागे आत वळलेले. म्हणजे बाहेरून आत ओरबाडलेलं.

पण गिऱ्हाइकाशी वाद कशाला? ते म्हणाले, "देतो, ताई. सकाळी सातला या."

"ताई नका म्हणू मला," त्या पटकन म्हणाल्या. मग जरा ओशाळल्या. "म्हणजे... नुसतं बाई म्हणा." आणि किल्ली ठेवून निघून गेल्या. वळूनसुद्धा बघितलं नाही गाडीकडे.

आता हे काम दोन माणसांचं असतं. सगळा कॅनव्हास उतरवायचा तर दोन दिवस जातात, म्हणून जागच्या जागीच शिवतात. आतून एक ठिगळ, बाहेरून एक ठिगळ, आणि मेणदोऱ्याने हाताचे टाके. एक जण आत गादीवर बसून दाभण बाहेर ढकलतो. दुसरा बाहेर शिडीवर उभा राहून तेच दाभण परत आत ढकलतो. बाहेरची बाजू नेहमी वहिनींची. मास्तरांच्या बायकोची हो. तीस वर्षं दोघांनी अशी कापडं शिवली, मधे कापड, दोन्ही बाजूंना नवराबायको.

पण त्या दिवशी वहिनी सकाळी भांडून संध्याकाळच्या बसने बहिणीकडे निघाल्या होत्या. कशावरून? मास्तर वहिनींच्या बहिणीच्या घरच्या पडद्यांना नावं ठेवून बसले होते, त्यावरून. वहिनींनी अबोला धरला आणि बॅग भरली.

म्हणून मास्तर एकटेच बसले. रात्री नऊ वाजता. शेडमधे एक ट्यूबलाइट, गाडीत वर एक दिवा. आधी वाकड्या सुईने एकाच बाजूने शिवायला घेतलं, पण दोन ठिगळं आणि मधे कॅनव्हास, पाचव्या टाक्याला सुई मोडली. मग सरळ दाभण. आतून ढकलायचं, गुडघे सांभाळत खाली उतरायचं, सरकत्या दारातून बाहेर यायचं, मागे जाऊन शिडी चढायची, दाभण आत ढकलायचं, परत गाडीत. एका टाक्याला चार मिनिटं. साठीतल्या माणसाची कंबर ती! तीन टाक्यांत घाम फुटला, बाहेर थंडी असून.

चौथ्या टाक्याला त्यांनी दाभण बाहेर ढकललं. गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

दाभण परत आलं.

नेमकं आलं. जिथे यायला हवं तिथे, एक गव्हाचा दाणा सोडून.

मास्तर हसले. म्हणाले, "आलीस का? बस चुकली वाटतं."

बाहेरून काही नाही.

"बरं, नको बोलूस. पडदे चांगले आहेत तुझ्या बहिणीचे. झालं?"

काही नाही. मास्तरांनी दोरा ओढला, पुढचा टाका ढकलला. दाभण परत आलं. अबोला असला तरी हात चालू आहेत, हे बघून मास्तरांना बरं वाटलं. मग काय, गडी सुटला. चाळीस वर्षांत जेवढा बोलला नाही तेवढा बोलला. मला म्हणाला, "कापड मधे असलं ना, की बोलता येतं रे." घरातल्या कुरबुरी, मुलाचं लग्न, स्वतःचा ताठरपणा. दोन-तीनदा माफीसुद्धा मागितली. आणि टाके पडत होते, एकासारखा एक. मधे एकदा खाली गाडीचं दार सरकल्याचा आवाज आला... खर्रर्र... आणि धप्पकन लागलं. शेडच्या जमिनीला उतार आहे, पाणी जायला. त्यांना वाटलं, वारं लागेल म्हणून वहिनींनीच लावलं.

बारा टाके झाले. साडेदहा वाजले होते. बरोबर साडेदहा, कारण तेव्हाच फोन वाजला आणि त्यांनी फोनवर बघितलं.

वहिनींचा फोन.

"अहो, मी मघाशीच पोचले. कळवायचं राहिलं. जेवलात का?"

मास्तरांची नजर कापडावर गेली.

"ऐकताय ना? रागावलात अजून?"

त्यांच्या डोळ्यांसमोर... दाभण आत आलं.

हळूच. आधी टोक. मग अर्धं. मग थांबलं. मास्तर ते धरतील याची कुणीतरी वाट बघत होतं.

"अहो?"

"नंतर करतो," मास्तर म्हणाले. फोन ठेवला.

मग त्यांनी एक केलं. आतला दिवा घालवला. बाहेर ट्यूब चालू होती, त्यामुळे कॅनव्हासवर बाहेरची सावली पडली. शिडीची सावली. एकेक पायरी मोजता येईल इतकी स्पष्ट.

शिडीवर कुणी नव्हतं.

आणि दोऱ्याला बाहेरून दोन हिसके बसले.

...

नाही, ओरडले नाहीत ते. कापड अजून चार बोटं उघडं होतं. त्या फटीतून गार हवा येत होती. एकसारखी नाही. थांबून थांबून. आणि हवेबरोबर एक आवाज. बारीक. शिट्टीसारखा. आत ओढलेला... तुटलेला... परत ओढलेला.

हा आवाज मास्तरांनी ओळखला. त्यांची आई दम्याने गेली. बारा वर्षं शेजारच्या खोलीत झोपून त्यांनी हाच आवाज ऐकला होता.

"कोण आहे?"

शिट्टी.

"काय पाहिजे?"

शिट्टी थांबली. एकदम. फटीतली हवा थांबली. मास्तर कान लावून बसले. एक मिनिट... दोन...

मग खाली दाराची कडी हलली.

खट. खट. मग तीनदा गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. जोरात नाही. जोर उरलेला नसतो ना, तसा.

मास्तर खाली उतरले. गाडीत अंधार. दार आपोआप कुलूपबंद झालेलं. ते आतूनच उघडतं. बाहेर कडी हलतेय... हलतेय... आता हळू. आता अगदीच हळू.

काय केलं असतं तुम्ही? ... बोला की.

मास्तर मला म्हणाले, "अरे, देवाचं नाव आठवेना. पण बाहेर जे काय होतं त्याला श्वास पुरत नव्हता रे. आईसाठी रात्री-अपरात्री उठून किती खिडक्या उघडल्यात मी. हात आपोआप गेला."

त्यांनी दार उघडलं.

समोर रिकामी शेड. ट्यूब. शिडी. लांबवर रस्ता. काहीच नाही.

आणि गाडी खचली. जराशी. डाव्या बाजूला, दारापाशी. कुणी पायरीवर पाय ठेवून आत आलं की खचते, तशी. मग परत वर आली.

मास्तर अंग चोरून, त्या बाजूला न बघता, बाहेर पडले. रस्त्यावर पळून जायचं त्यांच्या मनात होतं. पण शेडच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीच्या गुंडाळीपाशीच पाय गेले. तिथेच बसून राहिले. गाडीतून आवाज येत होता. तीच शिट्टी. पण मघासारखी नाही. सैल होत गेली. लांब होत गेली. पहाटे तीनच्या पुढे तर झोपलेल्या माणसाचा श्वास झाला तो. साधा. शांत.

...

सकाळी सातला बाई आल्या. मास्तर तिथेच बसलेले. त्या काही विचारणार, तेवढ्यात मास्तरच म्हणाले, "बाई, फांदी नव्हती लागली. कोण होतं?"

त्या खाली, जमिनीवरच बसल्या.

दोघी बहिणींनी मिळून ती गाडी घेतली होती. थोरलीला दमा. दोन वर्षांपूर्वी डोंगरात एका मोकळ्या माळावर मुक्काम केला. संध्याकाळी तिथे तीन-चार माणसं पिऊन आली होती, दारावर थापा मारून, नको ते बोलून गेली होती. रात्री ही वर झोपलेली, थोरली खाली. थोरली केव्हा तरी बाहेर गेली. गाडी उतारावर. दार मागे सरकलं आणि लागलं. किल्ली आत, औषधाचा पंप आत. गार हवेने दमा उसळला.

"तिला हाक मारता आली नसेल," बाई म्हणाल्या. "आवाजच निघायचा नाही तिचा, अशा वेळी. मी ऐकलं, मास्तर. कडी हलवलेली ऐकली. पत्र्यावर थापा ऐकल्या. मला वाटलं, ती माणसं परत आली. ताई खाली झोपलीय, ती उठली नाही तर मी कशाला आवाज करू... मग मागच्या बंपरवर कुणी तरी चढलं. माझ्या डोक्याशी कापड टरकलं. बोटं आत आली. चार बोटं. मी पांघरूण तोंडावर घेतलं आणि..."

सकाळी थोरली गाडीमागे मिळाली, गेलेली.

मग म्हणाल्या, "सगळ्यांना सांगितलंय, मला झोप लागली होती. आईलासुद्धा."

मास्तरांनी आजवर कुणाचं सांत्वन केलेलं नाही. ते एवढंच म्हणाले, "रात्री दार वाजलं. मी उघडलं."

बाईंनी वर बघितलं.

"आत आल्या त्या. झोपल्या."

बाई उठल्या. गाडीत गेल्या. दार लावून घेतलं नाही, उघडंच ठेवलं. मास्तर शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. असं रडणं दुसऱ्याने ऐकायचं नसतं. आठ वाजता गाडी नेणारे आले. बाईंनी बाहेर येऊन, डोळे पुसून, हात जोडले. म्हणाल्या, "गाडी नाही द्यायची मला. माफ करा." ती माणसं बरीच चिडली आणि निघून गेली. त्याच दिवशी बाई आईकडे गेल्या आणि खरं काय ते सांगितलं, हे मागाहून कळलं. आई वर्षभर बोलली नाही म्हणे. आता बोलते.

नाही, गोष्ट अजून संपली नाही. इथवर मास्तरांनी सांगितलेलं. आता जे सांगतो ते मी बघितलेलं.

चार बोटं कापड राहिलं होतं ना शिवायचं? महिन्याभराने बाईंनी मास्तरांना घरी बोलावलं. वहिनींनी साफ सांगितलं, "मी त्या शिडीवर चढणार नाही. तुमच्या मित्राला न्या." म्हणून बाहेरच्या बाजूला मी. भर दुपारी, लख्ख उन्हात. सगळी दारं सताड उघडी. मास्तर आतून ढकलत होते, मी बाहेरून परत देत होतो. दर टाक्याला मागे वळून बघत होतो, खोटं कशाला बोलू? पण काही झालं नाही. सहा टाके, एक गाठ, काम संपलं. छत खाली घेतलं. दारं मीच लावली, कुलूप मीच घातलं. मागची काच तेव्हा आरशासारखी स्वच्छ होती, कारण तिच्यात बघून मी केस नीट केले.

मग आम्ही घरात गेलो. हात धुतले, चहा घेतला. बाई आमच्यासमोर, आई आतल्या खोलीत. तासाभराने शिडी उचलायला मी एकटा बाहेर आलो.

मागची काच धुरकट झाली होती. दव पडावं तशी.

उन्हात, दुपारी तीन वाजता. मी बाहीने पुसली. पुसली गेली नाही. ओल आतून होती.

मी वाकून बघत राहिलो. काच हळूहळू स्वच्छ झाली...

आणि पुन्हा धुरकट झाली.