पाण्याचा नंबर

इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचं ते गाव. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच झाली होती आणि चेतनाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी नव्हतं. सकाळीच तिनं पाटाची फळी स्वतःच्या हातानं उचलली. पाणी आत शिरलं, आणि तेवढ्यात एक तरुण चिखल तुडवत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मागून तो बराच वेळ ओरडत होता, पण ते तिला कुठून कळणार?

तो पीयूष, पाणीवापर संस्थेचा नवा सचिव. हातवारे करत तो भराभर बोलत होता; दाट मिशीआड त्याचे ओठ तिला दिसत नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. "मले ऐकू येत नाही."

खिशातली डायरी काढून त्यानं लिहिलं – तुमचा नंबर काल होता. भोंग्यावर सांगितलं होतं.

चेतनानं वाचलं, आणि त्याच्याकडं नुसतं पाहिलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

अकराव्या वर्षी तापात तिचं ऐकणं गेलं. बोलणं राहिलं, ओठ वाचणं ती शिकली. वडील वारल्यावर दोन एकर तिच्या नावावर आले, ती संस्थेची सभासदही झाली. पण सभेत सगळे एकदम बोलत. ती एकेकाच्या तोंडाकडं बघेपर्यंत विषय संपलेला असे. अध्यक्ष उदारामजी रजिस्टर पुढं करत, ती सही करी. सही कशावर केली, ते घरी येऊन काकाला विचारायचं. दोन वर्षं हेच.

त्या दिवशी पीयूषनं पाणी घेऊ दिलं. संध्याकाळी पुढच्या नंबरची चिठ्ठी घेऊन घरीही आला. चेतनानं चिठ्ठी परत केली.

"उपकार नको. सभेतलं मले सभेतच समजलं पाहिजे."

तो मान हलवून गेला, आणि इकडं तिचंच मन थाऱ्यावर राहिना. फार तोडून बोललो का आपण? निंदण करताना बांधावर धूळ उडाली की मान वर होई. दुसऱ्याच कुणाची गाडी असे... मग स्वतःवरच चिडून ती पुन्हा वाकायची.

सभेच्या दिवशी शाळेतला फळा मधोमध आणला होता आणि माणसं गोल बसली होती. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, बाकीच्यांनी थांबायचं, विषय मी फळ्यावर लिहीत जाईन, नंबरांची यादीही भिंतीवर लागेल, असं पीयूषनं सांगितलं. एका पोरीपायी एवढा खटाटोप कायले, म्हणून उदारामजी कुरकुरले. तेव्हा म्हातारे चुन्नीलालजी सावकाश म्हणाले की, सहा वर्षांपासून त्यांनाही कमीच ऐकू येतं, लाजेनं कुणाला सांगितलं नाही. सभा आज पहिल्यांदा समजून राहिली, असंही ते म्हणाले.

मग पाणीवाटपाचा विषय फळ्यावर आला. चेतनानं हात वर केला. पाटाच्या शेवटच्या बांध्यांना पाणी आधी द्या, वरच्यांना नंतरही मिळतंच, असं तिनं मांडलं. आवाज नको तेवढा चढला असावा. पीयूषनं तळहात किंचित खाली केला, तिनं आवाज उतरवला. ठराव झाला.

पण घरी येताना तिच्या डोळ्यांपुढं ठराव नव्हता. ओठ झाकणारी पीयूषची दाट मिशी आज गायब होती. त्या उघड्या, कोवळ्या चेहऱ्यावरचं अक्षर न् अक्षर तिला वाचता आलं होतं.

चार दिवस तिला धड जेवण गेलं नाही. त्याला आपली दया आली असेल तर? तर मग नकोच... पाचव्या दिवशी कालव्याच्या पाळीवर तिनं त्याची गाडी अडवली.

"खरं सांगा. माझी कीव येऊन हे करून राहिले?"

"नाही. फळा आधीच पाहिजे होता, तो तुमचा हक्क आहे." तो अडखळला. "फळा सगळ्यांसाठी. मिशी... मिशी तुमच्यासाठी काढली."

"काऊन?"

"तुमी माझ्याकडं पाहावं म्हणून."

"बिनमिशीचे काही बरे दिसत नाही तुमी."

"मग ठेवू परत?"

"नको," ती जरा घाईनंच म्हणाली.

तो हसला, आणि पाण्याकडं वळून काहीतरी बोलला. ती फिरून त्याच्यासमोर गेली.

"पाठ फिरवून बोललेलं मी धरत नाही."

या वेळी त्यानं एकेक शब्द स्वच्छ उच्चारला. "मले तुमच्याशी लग्न करायचं आहे. रविवारी येतो. तुमच्या आईशी अन् काकाशी बोलतो."

चेतनाच्या मनात जुनी सल उठली. मागच्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले होते. दोन तास काकाशी बोलले, चहा पिऊन गेले. तिच्याकडं एकानंही तोंड वळवलं नव्हतं.

"या," ती म्हणाली. "पण बोलताना तोंड माझ्याकडं ठेवा."

पीयूषनं मान हलवली. मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून, तिच्या डोळ्यांत बघत, सावकाश म्हणाला, "ठेवीन."