कोरड्या लाकडातले भुंगेरे

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, माझी खोली आहे. खिडकीपाशी मायक्रोस्कोप, भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांच्या खणांत टाचणीला लावलेले भुंगेरे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची ओळख पटवायची, नवी जात सापडली तर तिचं वर्णन लिहायचं, हे काम मी तेवीस वर्षं करते आहे. आई लोकांना सांगते, "आमची मुलगी किडे बघते," आणि विषय बदलते.

मार्चमधल्या एका सकाळी सुतारकाका आले. संस्थेच्या दारं-खिडक्यांची दुरुस्ती त्यांच्याकडेच, त्यामुळे ओळख जुनी. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला खुर्चीचा एक हात माझ्यासमोर ठेवला. सागवानी, चाळीसेक वर्षांचा, खडखडीत वाळलेला. त्याला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकातून भुशाची एक पांढरी काडी, दोऱ्याइतकी बारीक, ताठ बाहेर आली होती.

"ही वाळवी नाही, ताई," ते म्हणाले. "वाळवी मी डोळे मिटून ओळखतो."

मीही ओळखलं, पण विश्वास बसेना. अशा काड्या अँब्रोसिया भुंगेऱ्यांच्या. ते लाकूड खात नाहीत. त्यात बोगदे खणतात, अंगातल्या इवल्याशा पिशवीतून आणलेली बुरशी तिथे पेरतात आणि तिच्यावर पिल्लं वाढवतात. शेतीच ती. पण बुरशीला ओल हवी. म्हणून ते नुकत्याच पडलेल्या नाहीतर मरणाला टेकलेल्या झाडातच शिरतात. वर पानं हिरवीगार असतात, माळ्याला पत्ता नसतो, आणि यांना वासावरून कळलेलं असतं. वाळक्या खुर्चीत त्यांचं काय काम?

मी तो हात चिरला. बोगद्यांच्या भिंती काळ्या, आणि आतून ओल्या. आत चार माद्या होत्या. दोन मिलिमीटर लांब, तांबूस, पाठीच्या कवचाच्या मागच्या उतारावर दोन्हीकडे तीन-तीन दात. दोन आठवडे मी सगळे खण आणि सगळी वर्णनं पालथी घातली. कुठेच मेळ बसेना. जात नवी होती.

आमच्या विभागप्रमुख मोजकं बोलतात. चार नमुने कमी पडतील, म्हणाल्या, आणि यजमान झाड कोणतं, किडा कोणत्या लाकडावर जगतो, ते नक्की करा. मी सुतारकाकांना आणखी काही दिसलं तर आणायला सांगितलं.

त्यांनी दोनदा आणलं. आधी खाटेचा पाय, आंब्याच्या लाकडाचा. मग शिसवी काठी. दोन्हीत तेच भुंगेरे, तीच ओल. नोंदीसाठी मी नेहमीप्रमाणे विचारलं, वस्तू कुठली, कुणाची. खुर्ची एका निवृत्त मास्तरांची होती, ते गेल्यावर दुरुस्तीला आलेली. खाट एका शिंपीणबाईंची, धडधाकट, हसतमुख. काठी म्हाताऱ्या पोस्टमनची, पण तोही रोज दोन मैल चालणारा.

शिंपीणबाई आठव्या दिवशी मशीनवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. पोस्टमन त्यांच्या पाठोपाठ गेला.

सुतारकाका ते सांगायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. लाकूड तिन्ही वेळा वेगळं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मी म्हटलं, तीन हा काही आकडा नाही, योगायोगाला एवढं पुरतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"उद्या कुणाच्या घरी दिसलं तर सांगायचं का, ताई?"

त्यानंतर त्यांनी लाकूड आणणं बंद केलं.

नोंदवहीत यजमानाच्या रकान्यात मी सागवान, आंबा, शिसव असं लिहिलं होतं. तिन्ही नावं खोडली. जे लिहायला हवं होतं ते लिहवेना.

घरी आम्ही दोघीच. आईला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेली. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मी भिंग घेऊन तिची खुर्ची तपासू लागले, मग तिचा पलंग, देवघराचा पाट, फणीसुद्धा. सगळं स्वच्छ. तीन घरांची गोष्ट तिला ठाऊक होती; ती काही विचारत नसे. एकदा मी म्हटलं, नव्या जातीला तुझं नाव देते. तर म्हणाली, जन्मभर राबले आणि शेवटी किड्याला नाव, नको गं बाई. आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

वर्णन पुरं झालं. पाठवायच्या दिवशी लक्षात आलं, एक चित्र घरीच राहिलं. ते आणायला मी भर दुपारी घरी गेले.

आई बाहेरच्या खोलीत नव्हती. तिची खुर्ची रिकामी, वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं.

ती माझ्या खोलीत होती. माझ्या पलंगाशी, जमिनीवर गुडघे टेकून. हातात ओलं फडकं, शेजारी मेणबत्तीचा तुकडा.

मला पाहून ती दचकली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दिवस होतील."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने फडक्याची घडी केली. "माझी खुर्ची बघून झाली की तू किती मोकळी होऊन जेवायला बसायचीस," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. उशाकडच्या फळीवर तिने एकेक भोक मेणाने बुजवलं होतं. ओळीने, नीट, टाके घालावेत तसं. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

त्यातला एक मेणाचा ठिपका हलला. आतून कुणीतरी ढकलत होतं. तो सुटून जमिनीवर पडला आणि त्या जागी एक पांढरी काडी सावकाश वर येऊ लागली.

आईने फडकं उचललं, आणि भांड्यावरचं पाणी टिपावं तशी ती टिपून घेतली.