ढोलीतला हत्ती

हेमेंद्र बिसेनला कामाचा नाही, बघण्याचाच कंटाळा आला होता. एकतीस वर्षं माणूस रोज भिंगातून नाणी बघत असेल, तर डोळ्यांनी तरी किती सोसायचं! सकाळी अकराला जयस्तंभ चौकाजवळच्या माडीवर चढायचं, दिव्याखाली बसायचं आणि नाणं कडेनं धरून फिरवायचं. घासलंय किती, खरवडलंय किती, कुणी तेजाबानं धुतलं तर नाही ना, हे पाहायचं आणि सत्तरपैकी किती, ते चिठ्ठीवर लिहायचं. सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखं. एक म्हणजे गोल आहे म्हणून नाणं म्हणायचं, एवढंच.

त्याच्या पाठीला पाठ लावून त्याची बायको दुर्गेश्वरी बसायची. तीही तेच नाणं बघायची आणि वेगळी चिठ्ठी लिहायची. चिठ्ठ्या उघडेपर्यंत कुणी कुणाला आपला आकडा सांगायचा नाही, हा नियम हेमेंद्रचाच. बाकी संसारात काय सांगायचं ते सांगा, आकडा नाही. दोन्ही आकडे जुळले की नाणं पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बसायचं, मशीनखाली डबीच्या कडा वितळून एकजीव व्हायच्या. आत लेबल, त्यावर वजन, दर्जा, नंबर आणि हेमेंद्रची सही. अशी डबी फोडल्याशिवाय उघडत नाही. नागपूर-रायपूरचे शौकीन डोळे मिटून नाणी घ्यायचे ते त्या सहीवर.

गेल्या वर्षी ती सही एकदा चुकली. ओतीव नकली नाणं त्यानं अस्सल म्हणून बंद केलं, आणि नागपूरच्या चुन्नीलाल व्यापाऱ्यानं भर प्रदर्शनात ते सगळ्यांना दाखवलं. बिसेनची नजर गेली, असं लोक चहा पिता पिता बोलू लागले. त्या दिवशी घरी येऊन हेमेंद्रनं बायकोला सांगितलं होतं, आता एक जरी चूक झाली तरी दुकान बंद. दुसरं काही त्याला येत नव्हतं. ही नजरच काय ती त्याची कमाई.

डिसेंबरात, धानाची मळणी उरकत आली असताना, नवेगाव बांधहून सुमित्राबाई आल्या. सत्तरीची बाई, सोबत मुलगा हिमांशू. जिना चढून दम लागलेला, तरी बसायच्या आधी कमरेच्या पिशवीतून नाणं काढून टेबलावर ठेवलं. सातवाहनांचं, तांबं-कथील-शिसं मिसळून केलेलं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती. हत्ती म्हणायचा तो सवयीनं, नाहीतर पाठीची गोलाई आणि सोंडेचा आकडा एवढंच उरलं होतं.

हे नाणं त्यांच्या घरी किती पिढ्यांचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मळणीचं शेवटचं धान घरात आलं की आधी घरातल्या प्रत्येकानं, तान्ह्या पोरानंसुद्धा, हत्तीवर अंगठा दाबायचा. मग नाणं बांबूच्या कणगीच्या, म्हणजे ढोलीच्या, तळाशी जायचं आणि वरून धान ओतलं जायचं. वर्षानं ढोली रिकामी झाली की हत्ती पुन्हा वर. आता हिमांशूच्या घरात ढोलीच राहिली नव्हती, धान खळ्यावरून थेट खरेदी केंद्रावर जाई. नाणं कुठंतरी हरवेल, त्यापेक्षा डबीत बंद करून शोकेसमध्ये ठेवू, नाहीतर एखाद्या शौकिनाला देऊन टाकू, असं त्याचं म्हणणं. त्यात वावगं काहीच नव्हतं.

सुमित्राबाईंनी रिकामी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"मंग अंगठा कसा लावाचा?"

"आता लावायचा नाही, मावशी," हेमेंद्र म्हणाला. "त्याच्यासाठीच तर बंद करून राहिलो."

"एका साली नोता लावला," त्या म्हणाल्या. "माह्या सासूच्या टायमाले. तं हत्तीनं..."

"आई, छोड ना," हिमांशूनं मध्येच तोडलं.

पण जायच्या आधी त्यांनी हत्तीवर अंगठा दाबला, चांगला वेळ. मुलालाही लावायला लावला. मग नाणं हेमेंद्रपुढे धरलं. आता ते काही दिवस त्याच्याकडे राहणार होतं, तेव्हा त्यानंही लावायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

नाण्याच्या तोंडावर बोट लावू नका, हे हेमेंद्र एकतीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आला होता. तो नाही म्हणायचा. पण चार वाजून गेले होते, डोळ्यांत आग होत होती, आणि वाद घालण्यापेक्षा अंगठा लावणं सोपं होतं. त्यानं उजवा अंगठा टेकवला. त्या अंगठ्यावर तिरपा व्रण होता, सातवीत असताना धान कापताना विळा लागला होता त्याचा, टोकाला दोन फाटे फुटलेला. नाणं गार लागलं. बाकी काही नाही.

"गिऱ्हाइकाले शिकवता, आन् सोता?" मायलेकरं उतरून गेल्यावर दुर्गेश्वरीनं त्याला चांगलंच धारेवर धरलं आणि मऊ फडक्यानं नाणं पुसलं. नंतर दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या. आठ आणि आठ. वजन दोन ग्रॅम एक्केचाळीस. फोटो काढला, डबी बंद झाली. आठवड्यानं हिमांशू येऊन घेऊन गेला.

मार्चच्या शेवटी तो परत आला. एकटाच, आणि जरा संकोचलेला. तो चुन्नीलालकडे डबी घेऊन गेला होता. चुन्नीलाल हसला म्हणे. हे आठचं नाणं असेल तर मी आंधळा, नाहीतर बिसेन आंधळा, असं चार लोकांदेखत बोलला.

हेमेंद्रनं डबी दिव्याखाली धरली. हत्तीला डोळा होता. कान होता, कानाला घडी होती. चारही पाय वेगवेगळे दिसत होते. डबी तीच, लेबल तेच, सही त्याचीच. कडा भिंगाखाली बघितल्या, कुठं केसाएवढी चीर नाही. डिसेंबरचा फोटो काढला. फोटोत पाठीची गोलाई आणि सोंडेचा आकडा.

"फोटो बदलला असन," दुर्गेश्वरी म्हणाली, पण फोटोच्या कोपऱ्यातला नंबर तिनंच घातला होता.

डबी फोडायचं ठरलं. तिनं पकडीनं कोपरा दाबला, प्लॅस्टिक कडकन फुटलं आणि नाणं उडालं. ते खाली पडायच्या आत तिनं मुठीत पकडलं. मूठ उघडली तर अंगठा बरोबर हत्तीवर. एरवी हेमेंद्रनं टोमणा मारला असता. त्यानं नाणं काट्यावर ठेवलं. दोन ग्रॅम त्रेसष्ट. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं, तिसऱ्यांदा ठेवलं. तेवढंच. घासून वजन गमावलेली नाणी त्यानं हजारो पाहिली होती, वजन कमावलेलं एकही नाही.

चिठ्ठ्या लिहिल्या. पस्तीस आणि पस्तीस.

हिमांशू तोवर खिडकीशी उभा राहून फोन उघडायचा नंबर दाबत होता. आईही येणार होती, त्यानं सांगितलं, पण तिच्या मागं वेगळीच कटकट लागली होती. तीन महिने झाले, रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठाच घेत नव्हतं. आधारवाल्याकडे नेलं, तिथंही तेच. म्हातारे हात आहेत, घिस गये, असं तो आधारवाला म्हणाला. हेमेंद्रनं हूं केलं. त्याचं लक्ष काट्यावर होतं.

त्यानं नवं लेबल केलं, नाणं नव्या डबीत बंद केलं, आणि हिमांशूकडून काही दिवस ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी त्यानं गिऱ्हाइकांसाठी पत्र लिहिलं. नजर साथ देत नाही, काम थांबवतो आहे, क्षमस्व. पत्र खणात ठेवलं. इतकी वर्षं ज्याच्यावर जगलो तेच फितूर झालं, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. एवढा तो थकला होता.

पण दुर्गेश्वरी हट्टी. तिची नजर तर चांगली होती ना? मग तिनं आठ कसे लिहिले? दोघांनी मिळून आठ कसे लिहिले? तिनं ठरवलं की रोज दुपारी दोघांनी डबी बघायची आणि चिठ्ठी लिहायची.

पहिल्या दिवशी पस्तीस. चौथ्या दिवशी चाळीस. आठवड्यानं बावन्न. दरवेळी दोन्ही चिठ्ठ्या जुळायच्या, आणि दरवेळी दोघं जेवणाचा डबा उघडून बसायचे. हत्तीला सुळा आला. वरच्या काठानं ब्राह्मी अक्षरं दिसू लागली, एकेक करून, डावीकडून.

एप्रिल लागला. माडी तापायला लागली. हेमेंद्रचा फोन अंगठ्यानं उघडेनासा झाला होता, ते घामानं असेल. त्यानं अंगठा शर्टाला पुसला, नाही उघडला. रोज नंबर दाबायची सवय झाली.

अकराव्या दिवशी दुपारी त्याला हत्तीभोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक रेघा दिसल्या. ठशाच्या घावानं नव्या नाण्यावर अशा रेघा उमटतात, पण त्या सरळ असतात, मधून काठाकडे जाणाऱ्या. या वळत होत्या.

त्यानं डबी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

रेघा धातूतून वर उठलेल्या होत्या. वळसे घेत, एकमेकींना समांतर. एका वळशाखाली दुसरा, त्याखाली तिसरा, अगदी लहान, तान्ह्या पोराच्या बोटाएवढा. खाली किती थर होते ते मोजता येत नव्हते.

सगळ्यात वर, हत्तीच्या पाठीवर, एक तिरपी रेघ सगळे वळसे कापत गेली होती. टोकाला तिला दोन फाटे होते.

खाली चौकात कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं.

"दुर्गेश्वरी," तो म्हणाला. "बघ जरा."

ती उठून आली. तो बाजूला झाला. काय दिसलं ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"सांगू नका. लिवा."

तिनं पाहिलं. पाहतच राहिली. मग आपल्या खुर्चीवर जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, चिठ्ठी लिहिली. त्यानंही लिहिली. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, विळ्याचा काप.

त्याच्याही.

"नजर ठीक हाये तुमची," दुर्गेश्वरी म्हणाली. आवाज अगदी हळू. "पत्र फाडून टाका ते."

हेमेंद्रनं उजवा अंगठा दिव्याखाली धरला. व्रण नव्हता. व्रणाच्या आजूबाजूच्या रेघाही नव्हत्या. कातडी गुळगुळीत, जन्मात कशाला हात न लावल्यासारखी.

डबी ताबडतोब फोडून नाणं म्हातारीच्या हाती द्यायचं, दुसरं काही नाही. हे दोघांच्या एकदमच मनात आलं असावं, कारण तो पकड शोधू लागला आणि ती हिमांशूला फोन लावायला वळली.

तिनं फोन उचलला. अंगठा ठेवला.

पदराला पुसला, परत ठेवला.

मग ती फोन उघडायचा नंबर दाबू लागली.