समेटाचा तिसरा फोटो

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता विदुरीने एका अनोळखी माणसाचा फोटो ‘पळपुटे’ या सदरात टाकला. खाली लिहिलं : ‘याने माझ्या पिंजऱ्यावर सर्वांत मोठी बोली लावली, लिलाव जिंकला आणि गायब झाला. सावध राहा.’

सोलो शहरातल्या जुन्या वस्तूंच्या या ऑनलाइन ग्रुपवर तिने पहिल्यांदाच काही विकायला काढलं होतं. नियम दोनदा वाचले होते. जिंकणाऱ्याने दोन दिवसांत येऊन वस्तू न्यायची. नेली नाही, तर त्याचा फोटो ‘पळपुटे’मध्ये लागतो आणि तक्रार मिटेपर्यंत त्याची खरेदी-विक्री बंद. ‘वडील दिवसभर घरी असतात, कधीही या,’ असं तिने पत्त्याखाली स्वच्छ लिहिलं होतं. शुक्रवार गेला. शनिवारी तिने दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि फाटकाकडे डोळे लावून बसली. कोणी आलं नाही. फोन नाही, निरोप नाही. फोटोतला माणूस मात्र छान हसत होता, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

अकराच्या सुमारास तो फाटकाशी येऊन उभा राहिला. आता हसत नव्हता.

“म्बाक विदुरी आपणच?”

‘म्बाक’ म्हणजे ताई. रागावलेला माणूस इतका आदर ठेवतो म्हणजे तो फारच रागावलेला असतो, हे विदुरीला ठाऊक होतं.

“आता सुचलं का यायला, मास जात्मिको?” तिनेही ‘मास’ म्हणत, म्हणजे दादा म्हणत, परतफेड केली.

“मी शुक्रवारी आलो होतो.”

“कुठे?”

“इथेच. व्हरांड्यात एक वडीलधारे गृहस्थ बसले होते. पिंजरा न्यायला आलोय म्हटलं. ते म्हणाले, कसला पिंजरा? इथे पिंजरा नाही.”

“मग?”

“मग त्यांनी चहा दिला. केळ्याची भजी दिली. भजी चांगली होती.”

“आणि पिंजरा?”

जात्मिकोने मान वर केली. “तो आमच्या डोक्यावर लटकत होता.”

विदुरीने वर पाहिलं. सकाळी तिने तो स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवला होता. आता तो अंगणातल्या उंच बांबूच्या टोकाला, कप्पीवरच्या दोरीला लटकून, वाऱ्यावर डोलत होता. व्हरांड्यात तिचे वडील, सगळ्यांचे ‘पाक’ म्हणजे काका, पाक दार्सोनो, वर्तमानपत्र वाचत होते. ते पिंजऱ्याभोवती गुंडाळलेलंच होतं, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

“अहो, मग त्यांना म्हणायचं ना, की तो काय वर आहे म्हणून.”

“त्यांच्या अंगणात बसून? त्यांचा चहा पिता पिता?” जात्मिकोला खरोखर धक्का बसलेला दिसला. “वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तोंडावर खोटं पाडू?”

त्याच्या जागी विदुरी असती तर तीही भजी खाऊन, माफी मागून निघून गेली असती. त्यामुळे ती आणखी चिडली.

“निदान मेसेज करायचा.”

“चार केले.”

तिने फोन काढला. अनोळखी माणसांचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात, हे नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं. तिथे चार मेसेज होते, एकापेक्षा एक नम्र. शेवटचा असा : ‘कदाचित माझंच घर चुकलं असेल. तसदीबद्दल क्षमस्व.’

“म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय तुम्हाला.”

“मी काहीच म्हटलं नाही.”

“चेहरा म्हणतोय.”

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात. तो तुम्ही सगळ्या गावाला दाखवलाच आहे.” आता त्याचा आवाज चढला. “क्लातेनहून मावशीने माझ्या आईला फोन केला. मुलगा पळपुटा निघाला म्हणे. मी जुने दिवे दुरुस्त करून याच ग्रुपवर विकतो. लोक दिवा न बघता बोली लावतात, कारण नाव बघतात. आज संध्याकाळी माझा लिलाव आहे... होता. अ‍ॅडमिनबाईंनी बंद केला.”

विदुरीने खाली मान घालून पोस्ट पुसायला घेतली. ती पुसली जाईना.

अ‍ॅडमिन होत्या बू सुलास्त्री, म्हणजे सुलास्त्रीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या ग्रुप शाळेसारखाच चालवत. विदुरीने फोन लावला तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “मुली, तक्रार फळ्यावरच्या खडूसारखी पुसता येत नाही. समेटाचा फोटो लावा. दोघं शेजारी, मध्ये वस्तू, हातात हात, चेहऱ्यावर हसू. मग मी त्याचं नाव मोकळं करीन.”

पहिला फोटो त्यांनी फाटकाशीच काढला. विदुरीने हात लांब करून फोन धरला, दुसऱ्या हाताने त्याचा हात पकडला, आणि तक्रारीखाली फोटो लावून मोकळी झाली. थोड्याच वेळात बू सुलास्त्रींचा शेरा आला : ‘नामंजूर. वस्तू दिसत नाही. मुलीने मुलाचा हात चोराचा धरतात तसा धरला आहे.’

“मला वाटलंच होतं,” जात्मिको मनगट चोळत म्हणाला.

“मग बोलायचं होतंत.”

“बोलतो कुठे मी? मी तर चहा पिऊन जातो.”

तिला हसू आलं. तिने ते गिळलं आणि वडिलांकडे मोर्चा वळवला.

“बापाक, तुम्हीच म्हणालात ना, पिंजरा विकायचा तर विक?”

“मी म्हणालो, तुझी मर्जी.” पाक दार्सोनोंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

सोलोमध्ये ‘तुझी मर्जी’ म्हणजे ‘अजिबात नाही’. इथेच जन्मलेल्या, एकोणतीस वर्षांच्या मुलीला हे कळायला हवं होतं.

“पिंजऱ्यातला होला पक्षी मेला, बापाक.”

“माहीत आहे. मीच पुरला.”

“मग रिकामा पिंजरा रोज वर कशाला चढवता? सगळी गल्ली हसते.”

“सोळा वर्षांची सवय आहे, न्दुक.” चिडले नसले की ते तिला अशी लहानपणची हाक मारत. “सकाळ झाली की हात दोरी शोधतो. त्याला मी काय सांगू?”

जात्मिकोने हळूच एक पाऊल मागे घेतलं.

“मी तो पिंजरा नेत नाही, पाक,” तो म्हणाला.

“न्यायलाच हवा,” विदुरी उसळली. “नाही नेलात तर तुम्ही खरोखरच पळपुटे ठरता. आणि मग माझी तक्रार खरी ठरते, आणि ती मला... ती मला खरी व्हायला नकोय.”

“का?”

“का म्हणजे? अन्याय आहे म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.” तिने इतक्या घाईने सांगितलं, की पाक दार्सोनोंनी वर्तमानपत्रावरून एकदा डोकावून पाहिलं.

दुसऱ्या फोटोसाठी पिंजरा खाली घ्यायला ते तयार झाले नाहीत. पिंजऱ्याखाली उभं राहायला मात्र त्यांची हरकत नव्हती. दोघं बांबूखाली उभे राहिले. फोटोत पिंजरा वर ठिपक्याएवढा दिसला. शेरा आला : ‘नामंजूर. मध्ये वस्तू सांगितली होती. ढग नव्हे.’

एव्हाना ग्रुपला रविवारची करमणूक सापडली होती. फोटोखाली लोक लिहू लागले. ‘जोडी छान आहे, लिलावात काढणार का?’ ‘पत्रिका कधी छापताय?’ ‘मास, मुलगी रागीट दिसते, जपून.’

विदुरी तावातावाने टाइप करू लागली.

“उत्तर देऊ नका,” जात्मिको म्हणाला.

“त्यांनी मला रागीट म्हटलंय.”

“आणि ते खोटं आहे हे तुम्ही रागारागाने लिहिणार.”

तिची बोटं थांबली. “दुसऱ्या एकाने लिहिलंय की तुम्ही माझ्यापेक्षा बुटके दिसता. त्यालाही उत्तर नको?”

“...त्याला द्या.”

या वेळी हसू गिळता आलं नाही. त्यालाही गिळता आलं नाही. फोटोतल्या हसण्यापेक्षा त्याचं हे हसू जरा वाकडं होतं, डाव्या बाजूला झुकणारं. विदुरीने ते नोंदवून घेतलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात पावसाचे थेंब आले, मोठे आणि विरळ. “खोळ, पिंजऱ्याची खोळ भिजेल,” म्हणत पाक दार्सोनो व्हरांड्यातून धावले. वीस मिनिटं विनवून जे झालं नव्हतं ते पावसाने केलं. दोरी सरसरली, पिंजरा खाली आला. त्यांनी तो कापडी खोळीसकट जात्मिकोच्या हातात कोंबला आणि दोरी गुंडाळायला लागले. जात्मिको आडोशाला पळाला नाही. त्याने पिंजरा उचलून विदुरीच्या डोक्यावर धरला.

“पिंजऱ्याने पाऊस अडत नाही,” ती म्हणाली.

“खोळ आहे वर.”

“तुम्ही भिजताय.”

“मी पळपुटा नाही, हे कुठेतरी सिद्ध करायला नको?”

त्याचा हात बाहीपर्यंत ओला झाला होता. तिने तो धरला — समेटासाठी. नियमात तसं होतंच.

“आता बरोबर धरलायस,” तो म्हणाला. वाक्य पूर्ण झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, की ‘म्बाक’ गळून पडलं होतं आणि ‘तुम्ही’ही.

“मी कॅमेऱ्याकडे बघायचं की...” ती अडखळली.

“की?”

“काही नाही.”

फोटो पाक दार्सोनोंनी काढला. त्यात कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे, बांबू तिरका आहे, आणि दोघांपैकी एकही जण कॅमेऱ्याकडे पाहत नाही. शेरा लगेच आला. ‘मंजूर. याला समेट म्हणतात.’ बारा वाजायच्या आत जात्मिकोचं नाव मोकळं झालं आणि त्याच्या आईने क्लातेनला उलट फोन केला.

पिंजऱ्याचा निकाल त्याने चहा पिताना लावला. पैसे फोनवरून पाठवले, ‘वस्तू मिळाली’ असं लिहिलं आणि पिंजरा पाक दार्सोनोंच्या खुर्चीशी ठेवला.

“पाक, माझ्या खोलीत दिव्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही. माझा पिंजरा तुमच्याकडे राहू दे. रोज सकाळी वर चढवावा लागेल, नाहीतर बांबूला कीड लागते. जमेल?”

“बघू,” पाक दार्सोनो गंभीरपणे म्हणाले. “जमवावं लागेल.”

“मग मी विकलं काय?” विदुरी म्हणाली. “वस्तू घरातच, पैसे माझ्याकडे, लोक मला रागीट म्हणणार ते वेगळंच. आणि तू इथे येऊन फक्त भजी खाणार?”

“माल बघायला यावंच लागेल अधूनमधून.”

“माल,” ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले.

संध्याकाळी त्याचा लिलाव झाला. निळ्या काचेच्या एका दिव्यावर विदुरीने शेवटच्या क्षणी बोली लावली आणि जिंकली. दोन दिवसांत येऊन न्यायचा, नियम तोच. सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी दुपारी त्याचा मेसेज आला, या वेळी योग्य कप्प्यात : ‘दिवा पुसून ठेवलाय. येणार ना?’

तिने बराच विचार केला आणि लिहिलं : ‘तुझी मर्जी.’

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता ‘पळपुटे’ या सदरात विदुरीचा फोटो लागला. तो तिसऱ्या फोटोतून कापून घेतलेला आहे. खांद्याजवळ पाक दार्सोनोंचा अंगठा ओळखू येतो. खाली लिहिलं आहे : ‘हिने माझ्या दिव्यावर बोली लावली, जिंकली आणि फिरकली नाही. समेटाला मी तयार आहे. कितीही फोटो नामंजूर झाले तरी चालतील.’

बू सुलास्त्रींनी लिहिलं, ‘हा ग्रुप जुन्या वस्तूंसाठी आहे.’ पण तक्रार काढलेली नाही. पिंजरा बांबूवर आहे. विदुरीने अजून उत्तर दिलेलं नाही. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा मात्र घेतली आहे.