खूण नसलेली ओळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. ते कागद आजही माझ्या कपाटात आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला?

रविवार होता. भर दुपारचे तीन. ऑफिसात मी एकटी.

आम्ही हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटची माहिती एक्सएमएल फाइलमधून वॉर्डात जाते. प्रत्येक माहितीला एक टॅग, म्हणजे नाव लिहिलेला कप्पा. सोमवारी सगळं नव्या फ्रेमवर्कवर जायचं होतं. आणि त्याच सकाळी, त्याच हॉस्पिटलात माझ्या आईचं ऑपरेशन होतं.

जुना कोड मास्तरांचा. आमचे सीनियर. व्हर्जन बदललं की ते जुनी आणि नवी फाइल छापायचे. जुळलेल्या प्रत्येक ओळीवर लाल पेन्सिलीने खूण करायचे.

"मास्तर, कागदाचा कारखाना बंद पाडाल हो!" मी चिडवायची.

"पोरी, मशीन आपण सांगू तेवढंच बघतं," ते म्हणायचे.

मास्तर देवाघरी जाऊन आठ महिने झाले होते.

मी दोन्ही फाइली तुलनेला लावल्या. रिकाम्या टॅगमुळे फरकांचा ढीग आला. कंटाळून 'रिकामे टॅग सोडून द्या' निवडलं. फरक शून्य. सुटले एकदाची!

तेवढ्यात...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज. मास्तरांच्या टेबलाकडून.

वळून पाहिलं. खुर्ची रिकामी.

टेबलावर दोन कागद होते... मघाशी नव्हते.

आईचं रेकॉर्ड. जुनं आणि नवं. ओळीओळीवर लाल खूण.

फक्त एका ओळीवर नव्हती...

ॲलर्जी.

जुन्या फाइलमध्ये तो टॅग रिकामा होता, कुणी अजून भरला नव्हता. नव्या फाइलमध्ये टॅगच नव्हता.

टॅग रिकामा असला की वॉर्डातला स्क्रीन नर्सला विचारायला लावतो. टॅगच नसला की सरळ 'ॲलर्जी नाही' दाखवतो. आणि आईला पेनिसिलिन अजिबात चालत नाही!

लगेच हॉस्पिटलला फोन केला. रडत रडत कोड दुरुस्त केला. आई सुखरूप घरी आली.

तेव्हापासून मीही छापते. मीही खुणा करते.

पण या सोमवारी प्रिंटरमधून कागद उचलले, तर...

खुणा आधीच होत्या.

एका ओळीवर नव्हती.

चार दिवस ती ओळ बघतेय. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखी. काहीच सापडत नाही.

साहेब म्हणतात, "फरक शून्य आहे ना? मग अडवतेस कशाला?" काय सांगू त्यांना?

उद्या सकाळी हे व्हर्जन चालू होणार. रेकॉर्ड एका बाईचं आहे. वय पंचावन्न.

तीही कुणाची तरी आई असेल.